एका दिवसाचे पॉम्पेई आणि अडीच हजार वर्षांची दिल्ली

नवी दिल्ली : राजधानीतील मथुरा रस्त्यालगतच्या पुराना किल्ल्यात येणाऱ्या पर्यटकाचे लक्ष सर्वप्रथम भव्य दरवाजांकडे जाते. नंतर शेरशाहाच्या काळातील किला-ए-कुहना मशिदीकडे आणि हुमायूनच्या अखेरच्या अपघाताशी जोडल्या गेलेल्या शेर मंडल या अष्टकोनी वास्तूकडे त्याची पावले वळतात. याच आवारात खणलेल्या चौकोनी चरांपाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०२३ मध्ये येथे सुमारे साडेपाच मीटर खोलीपर्यंत उत्खनन केले आणि मौर्यपूर्व काळापासून मोगल काळापर्यंतच्या नऊ कालखंडांचे अवशेष एकाच ठिकाणी, एकाखाली एक मिळाल्याचे जाहीर केले. सलग वस्तीचा इतका दीर्घ पुरावा दिल्लीत अन्यत्र मिळालेला नाही.

जमिनीखाली गेलेले प्राचीन नगर म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इटलीतील पॉम्पेई उभे राहते. सरळ रस्ते, दुकानांच्या ओळी, भिंतींवरची रंगचित्रे आणि मृत्यूच्या क्षणी थिजलेल्या माणसांच्या आकृती. त्या तुलनेत पुराना किल्ल्यातील चर म्हणजे विटांचे काही तुकडे, खापऱ्या आणि मातीच्या बदलत्या रंगछटा. पॉम्पेईत नगर पाहायला मिळते आणि दिल्लीत केवळ खड्डा, असा समज त्यामुळे होतो. वास्तविक ही दोन्ही नगरे जमिनीखालीच गेली. पण ती ज्या रीतीने गेली, त्या रीती परस्परविरुद्ध होत्या. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय दिल्लीच्या भूमीखाली काय आहे आणि ते कशामुळे नष्ट होऊ शकते, हे समजणे कठीण आहे.

राखेखाली थांबलेला दिवस

इसवी सन ७९ मध्ये नेपल्सच्या उपसागराकाठच्या व्हेसुव्हियस पर्वताचा उद्रेक झाला. पॉम्पेई ही दहा-बारा हजारांच्या आसपास वस्तीची भरभराटलेली बाजारपेठ होती, असा अंदाज आहे. सतरा-अठरा वर्षांपूर्वीच्या भूकंपात पडलेल्या इमारतींची दुरुस्ती तेथे अजून चालू होती. उद्रेक दुपारच्या सुमारास सुरू झाला. आकाशात कित्येक किलोमीटर उंच चढलेला राखेचा स्तंभ वाऱ्याने आग्नेयेकडे, म्हणजे पॉम्पेईच्या दिशेने झुकला आणि नगरावर हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव होऊ लागला. छपरे त्या भाराने कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राख यांचे लोट जमिनीलगत प्रचंड वेगाने धावत आले आणि नगरात उरलेल्यांचा अंत झाला.

पर्वताच्या पश्चिमेकडील हर्क्युलेनियम या लहान नगरावर दगडांचा वर्षाव कमी झाला. परंतु रात्री आलेल्या तप्त लोटांनी ते सुमारे वीस मीटर जाडीच्या थराखाली गाडले. तेथील लाकूड, धान्य, पाव आणि पपायरसच्या गुंडाळ्या कोळशात रूपांतरित होऊन टिकून राहिल्या. समुद्रकाठच्या नौकागृहांत आसऱ्यासाठी गेलेल्या सुमारे तीनशे जणांचे सांगाडे १९८० नंतरच्या उत्खननांत उजेडात आले.

या उद्रेकाचे वर्णन धाकटा प्लिनी याने इतिहासकार टॅसिटस याला लिहिलेल्या पत्रांतून मिळते. त्याचा मामा थोरला प्लिनी हा निसर्गविषयक ज्ञानकोशाचा कर्ता आणि रोमन आरमाराचा अधिकारी होता. लोकांना वाचविण्यासाठी जहाजे घेऊन गेलेला हा मामा स्टॅबिया येथे मरण पावला. उद्रेकाची रूढ तारीख २४ ऑगस्ट मानली जात असे. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली, १७ ऑक्टोबरची नोंद सापडली आणि घटना शरद ऋतूत घडली असावी, या मताला बळ मिळाले.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने पॉम्पेईचे महत्त्व तेथील वैभवात नाही. रोमन साम्राज्यात त्याहून वैभवशाली नगरे पुष्कळ होती. मात्र ती पुढेही नांदत राहिली. त्यामुळे जुनी घरे पाडली गेली, दगड काढून नव्या भिंतींत बसविले गेले. पॉम्पेईत पुढचा दिवस उगवलाच नाही, म्हणून आदला दिवस जसाच्या तसा राहिला.

खजिन्याच्या शोधातून शास्त्राकडे

या नगरांचे उत्खननही आरंभी शास्त्रीय नव्हते. नेपल्सच्या बुर्बों राजवटीत १७३८ मध्ये हर्क्युलेनियम आणि १७४८ मध्ये पॉम्पेई येथे खोदकाम सुरू झाले, ते मुख्यतः राजवाड्यासाठी पुतळे आणि चित्रे मिळविण्याच्या हेतूने. बोगदे खणले गेले, भिंतींवरील चित्रे कापून नेली गेली. आपण खणतो आहोत ते पॉम्पेईच, हेदेखील १७६३ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखामुळे निश्चित झाले.

इटलीच्या एकीकरणानंतर १८६० मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली यांच्याकडे सूत्रे आली आणि पद्धत बदलली. रस्त्याच्या कडेने भिंती पोखरण्याऐवजी वरून खाली, थराथराने खणण्याचा नियम त्यांनी घातला. नगराची विभाग, चौक आणि दरवाजा अशा क्रमांकांनी मांडणी केली. १८६३ मध्ये त्यांनी राखेतील पोकळ्यांत प्लॅस्टर ओतून पाहिले. शरीरे कुजून गेली असली तरी त्यांचा ठसा कठीण झालेल्या राखेत राहिला होता. त्यातून मृतांच्या आकृती प्रकट झाल्या. वस्तूइतकेच महत्त्व ती ज्या मातीत पडली आहे त्या मातीला असते, हा धडा जगाला मिळाला. दिल्लीतील उत्खननाचे सारे शास्त्र याच धड्यावर उभे आहे.

ज्वालामुखीविना नगर कसे गाडले जाते?

व्हेसुव्हियससारखा पर्वत जवळ नसताना नगर मातीखाली जाते कसे, याचे उत्तर महाराष्ट्रातील खेड्यांत मिळते. गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग परंपरेने मानले जातात. काळी म्हणजे कसण्याची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणसारवण, हाडे आणि खापऱ्या साचत गेल्या की माती फिकट होते आणि जमीन उंचावते. जुने घर पडले की त्याचा ढिगारा सपाट करून नवे घर त्यावरच उभारले जाते. शतके लोटल्यावर त्या जागी टेकाड तयार होते. पैठण, तेर, भोकरदन, नेवासे येथील प्राचीन वस्त्यांची टेकाडे अशीच वाढली.

पुराना किल्लाही अशाच टेकाडावर उभा आहे. एकेकाळी यमुनेचा प्रवाह त्याच्या पूर्वेस लागून वाहत असे. पुरापासून उंच जागा, पिण्यास पाणी आणि नदीमार्गाने व्यापार या तिन्ही सोयी असल्याने माणसे येथे पुन्हा पुन्हा राहिली. हुमायूनने १५३३ मध्ये दीनपनाह या नगराचा पाया येथे घातला, तेव्हा पायाखालची माती आधीच दोन हजार वर्षांची होती.

अशा टेकाडाचा नियम साधा आहे : खालचा थर जुना, वरचा नवा. प्रत्यक्षात मात्र हा क्रम अनेकदा बिघडतो. मोगल काळातील कोणी विहीर किंवा शोषखड्डा खणला, तर तो गुप्त आणि कुषाण थर भेदून खाली जातो. जुनी खापरी वर येते आणि नवे नाणे खाली जाते. म्हणून उत्खननशास्त्रज्ञ चराच्या उभ्या भिंतीवरील मातीचा रंग, पोत आणि खड्ड्यांच्या कडा बारकाईने वाचतो. पॉम्पेईत रस्ता आडवा वाचता येतो, दिल्लीत काळ उभा वाचावा लागतो.

नऊ थरांची साक्ष

पुराना किल्ल्यातील पहिले शोधउत्खनन बी. बी. लाल यांनी १९५४-५५ मध्ये केले. हस्तिनापूर येथे त्यांना सापडलेल्या चित्रित करड्या मृद्भांड्यांचे, म्हणजे राखाडी रंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेल्या पातळ भांड्यांचे, तुकडे येथेही मिळाले. ही भांडी सामान्यतः इसवी सनपूर्व १२०० ते ६०० या काळातील मानली जातात. १९६९ ते १९७३ या वर्षांत येथे मोठे उत्खनन झाले आणि मौर्य काळापासून मोगल काळापर्यंतची अखंड वस्ती स्पष्ट झाली. पुढे २०१३-१४, २०१७-१८ आणि २०२२-२३ मध्ये पुरातत्त्वज्ञ वसंत कुमार स्वर्णकार यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा काम झाले.

मौर्य काळाच्या थरांत उत्तरेकडील चकाकदार काळी भांडी आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले वलयकूप मिळाले. कुषाण काळात भाजक्या विटांची घरे दिसतात. अलीकडच्या उत्खननात गुप्त काळातील गजलक्ष्मीचा मृण्मय फलक, राजपूत काळातील सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची वैकुंठ विष्णूची प्रतिमा आणि मोगल काळातील गणेशाची पाषाणमूर्ती मिळाली. लहानशा क्षेत्रात १३६ हून अधिक नाणी आणि ३५ मुद्रा व मुद्रांचे ठसे सापडले. यावरून हे व्यापाराचे महत्त्वाचे केंद्र असावे, असे विभागाने म्हटले.

वस्तीची ही साखळी आधुनिक काळापर्यंत तुटलेली नव्हती. किल्ल्याच्या तटात इंद्रपत नावाचे गाव विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदत होते. नवी दिल्ली वसविण्याच्या कामासाठी ते हलविण्यात आले. १९४७ मध्ये फाळणीच्या काळात याच आवारात हजारो निर्वासितांनी तंबू ठोकले. पॉम्पेई एका दिवसात रिकामे झाले. येथे माणसांची ये-जा अगदी काल-परवापर्यंत चालू राहिली.

रोमन वस्तू आणि भारतीय कालगणना

पॉम्पेई आणि भारतीय उत्खनने यांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. भारतातील अनेक थरांचे वय ठरविण्यास रोमन वस्तूंचीच मदत झाली. १९४४ मध्ये पुरातत्त्व विभागाचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिला येथे तरुणांना थरांच्या आधारे उत्खनन करण्याचे प्रशिक्षण दिले. लाल हे त्यांच्या शिष्यांपैकी एक. पुढील वर्षी व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे उत्खनन केले. इटलीत बनलेल्या लाल चकाकीच्या भांड्यांचा काळ युरोपात निश्चित झालेला होता. ती भांडी अरिकमेडूच्या ज्या थरात मिळाली, त्या थरातील भारतीय भांड्यांचा काळही त्यामुळे ठरविता आला.

उलट दिशेने गेलेली एक वस्तू मराठी वाचकांना अधिक जवळची वाटेल. १९३८ मध्ये पॉम्पेईतील एका घरात सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ या नावाने ती प्रसिद्ध असली, तरी अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे निकटचे साम्य आहे. त्यामुळे ती दख्खनमध्ये घडली असावी, असे मत पुढे आले. तिच्या पायथ्यावर खरोष्ठी अक्षर असल्याने वायव्य भारताशीही तिचा संबंध जोडला जातो. ती नेमकी कोठे घडली हा वाद चालू राहील. मात्र ती इसवी सन ७९ पूर्वी घडली, याविषयी वाद होऊ शकत नाही. राखेने तिच्यावर तारखेचा शिक्का मारला आहे.

पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात येत असल्याची नोंद आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४-४५ मध्ये पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली, ती याच व्यापाराची खूण. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, साम्राज्याबाहेर जातात, अशी तक्रार करणारा लेखक होता थोरला प्लिनी. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला तो हाच.

पुरावा किती बोलतो?

पुराना किल्ल्याची चर्चा इंद्रप्रस्थाच्या उल्लेखाविना पूर्ण होत नाही. इंद्रपत या गावाच्या नावात तो संदर्भ जिवंत राहिला आणि दिल्लीच्या नारायणा भागात मिळालेल्या चौदाव्या शतकातील संस्कृत शिलालेखातही इंद्रप्रस्थाचा निर्देश आहे. परंपरा दीर्घ आहे, हे यावरून दिसते. परंतु महाभारतातील राजधानी ती हीच, असे सांगणारा समकालीन लेख उत्खननात मिळालेला नाही. चित्रित करडी भांडी त्या काळी लोक येथे वावरत होते, एवढे सांगतात. त्यांच्या राजाचे नाव सांगत नाहीत. या भांड्यांचा स्वतंत्र, अबाधित थर गाठणे हे अलीकडच्या उत्खननांचे एक उद्दिष्ट होते. खापरी किती सांगते आणि श्रद्धा किती सांगते, या दोहोंतील सीमा पाळणे हे शास्त्राचे कर्तव्य ठरते. त्यामुळे परंपरेचा मान कमी होत नाही.

न खणलेल्या जमिनीचे मोल

उत्खनन म्हणजे एका अर्थी नियोजित विध्वंस असतो. कुषाण काळातील घर पाहायचे तर त्यावरील गुप्त काळातील घर काढावे लागते. मौर्य थर गाठायचा तर कुषाण भिंत हलवावी लागते. एकदा काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. उरतात त्या केवळ नोंदी, रेखाटने, छायाचित्रे आणि नमुने. नोंद अपुरी राहिली किंवा अहवाल प्रसिद्ध झाला नाही, तर तो थर दुसऱ्यांदा आणि कायमचा नाहीसा होतो. म्हणूनच दिल्लीत मोठे क्षेत्र न खणता मोजके चर घेतले जातात.

पॉम्पेईलाही हे शहाणपण उशिरा आले. सुमारे ६६ हेक्टरांच्या या नगराचा जवळपास एक तृतीयांश भाग आज मुद्दाम न खणलेला आहे. उघडी पडलेली घरे ऊन, पाऊस आणि गर्दी यांनी झिजतात. १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने तेथे हानी झाली. २०१० मध्ये योद्ध्यांच्या प्रशिक्षणाशी जोडली गेलेली एक इमारत कोसळली आणि त्यानंतर संवर्धनाचा मोठा प्रकल्प हाती घ्यावा लागला. राखेने जे जवळजवळ सतराशे वर्षे जपले, ते उघड्यावर अडीच शतकांत खचू लागले.

थांबण्याचे फळ काय असते, हे हर्क्युलेनियमच्या पपायरस-गुंडाळ्यांनी दाखविले. अठराव्या शतकात उघडण्याच्या प्रयत्नात त्यांतील अनेकांचा चुरा झाला. ज्या बंद राहिल्या, त्यांपैकी एकीतील जांभळ्या रंगाचा निर्देश करणारा ग्रीक शब्द २०२३ मध्ये क्ष-किरण प्रतिमा आणि संगणकाच्या साहाय्याने, गुंडाळी न उलगडता वाचता आला. आज न खणलेली जमीन ही उद्याच्या साधनांसाठी राखून ठेवलेली ठेव असते.

पुराना किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. उत्खननात उघड झालेले अवशेष छताखाली जतन करून खुले संग्रहालय करण्याचेही २०२३ मध्ये जाहीर झाले होते.

खरी चिंता आहे ती यादीबाहेरच्या टेकाडांची. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या सपाट प्रदेशात टेकाड म्हणजे फुकटची माती, असे समीकरण सहज जुळते. रस्त्याचा भराव, वीटभट्टी, शेताचे सपाटीकरण किंवा नवी वसाहत यांपैकी काहीही त्याच्या मुळावर येऊ शकते. महाराष्ट्रात धाब्याच्या घरांसाठी पांढरीची माती काढून नेल्याने कित्येक टेकाडे अशीच पोखरली गेली. दिल्लीतील भोरगढ आणि मांडोली येथे उत्तर हडप्पाकालीन वस्तीच्या खुणा मिळाल्या, त्या उत्खनन वेळेवर झाले म्हणून. बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे २००५ मध्ये शेत सपाट करताना मानवी अवशेष दिसले. ती बातमी पुरातत्त्व विभागापर्यंत पोहोचली म्हणून तेथील विशाल दफनभूमी उजेडात आली. पुढे २०१८ मध्ये त्याच गावात तांब्याच्या नक्षीने मढविलेल्या लाकडी शवपेट्या आणि चाकांची वाहने मिळाली. त्या दिवशी कोणी न बोलता माती पुढे ढकलली असती, तर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा हा पुरावा कोणाच्याही नकळत संपला असता.

पॉम्पेईचा घास एका पर्वताने घेतला आणि त्याच पर्वताने ते राखून ठेवले. दिल्लीच्या मातीखालील नगरांना असा रक्षक नाही. ती हळूहळू साठली आणि यंत्राच्या एका फेरीत जाऊ शकतात. शेतात किंवा पायाच्या खड्ड्यात खापऱ्यांचा थर, जुन्या विटांची रांग वा हाडे दिसली, तर काम थांबवून जिल्हा प्रशासनाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळविणे, हे सामान्य नागरिकाच्या हाती असलेले संरक्षण आहे. पुराना किल्ल्यातील चराच्या कडेला उभे राहून मातीचे ते पट्टे पाहिले की या संरक्षणाचे मोल कळते. साडेपाच मीटरांच्या त्या भिंतीत हातभर माती म्हणजे कोणाची तरी कित्येक पिढ्यांची वस्ती आहे.